बॅकस्पेस दाबला की ^H उमटतं?

परभणीच्या आमच्या लॅबमध्ये पोरं दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करतात. बॅशमध्ये, म्हणजे कमांड लिहितो तिथं, खोडता येतं, पण सी प्रोग्रॅमनं नाव विचारलं की ओरड येते, ‘सर, खोडल्याच जाईना!’ कीबोर्ड बदलू नका, तो धड आहे. बॅकस्पेस कुठं 127 क्रमांकाचा संकेत पाठवतो, कुठं 8 चा. जो येतो तो सोडून सर्व्हर नेमकी उरलेल्या संकेताची वाट बघत असतो.

प्रॉम्प्टवर, म्हणजे बॅशमध्ये कमांड लिहायच्या ओळीवर, ‘stty erase’ (एसटीटीवाय इरेझ) ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत लिहा, स्पेस द्या, कंट्रोल-व्ही दाबा, मग बॅकस्पेस, मग एंटर. कंट्रोल-व्ही गाळू नका बरं; त्याच्यामुळंच पुढची की खोडायच्या ऐवजी जशीच्या तशी घेतली जाते. दुरुस्ती त्या सेशनपुरतीच, म्हणजे लॉगआउट करेपर्यंतच राहते.

आणि सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबून स्क्रीन गोठली, तर खिडकी बंद करू नका. कंट्रोल-क्यू दाबा.