भाड्याच्या घरात सोलर लावण्याआधी

पॅनलच्या किमती बघण्याआधी भाडेकरार काढून नीट वाचा. त्यात ‘सोलर’ असं काही लिहिलेलं बहुधा नसेलच. भिंतीला भोकं पाडणं, वायरिंगमध्ये फेरफार आणि कठड्याबाहेर काही टांगणं, या कलमांवर बोट ठेवा. गच्ची तुमच्या भाड्यात आहे का, तेही पाहा. ती सामायिक असेल तर एकट्या मालकाचा होकार पुरत नाही.

मग कायदा. जर्मनीत ऑक्टोबर 2024 पासून भाडेकरूला बाल्कनीतल्या प्लग-इन, म्हणजे थेट सॉकेटमध्ये प्लग लावून जोडायच्या सोलरसाठी परवानगी मागण्याचा हक्क आहे, आणि सबळ कारणाशिवाय मालक नाही म्हणू शकत नाही. तिथेही परवानगी मागावी लागतेच, आणि इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, 800 वॅटपर्यंतचं हवं. असा हक्क सगळीकडे नाही. नसेल तिथे मालकाची लेखी संमती हाच तुमचा आधार, आणि घरातल्या सॉकेटमधून वीज उलटी सोडायला परवानगी आहे का, हे वीज कंपनीला आधी विचारा.

मालकाला तोंडी विचारा, पण ठरेल ते कागदावर आणा. पॅनल किती, कुठे आणि कसं बसणार, ते लिहा. 400 वॅटचं एक पॅनल साधारण वीस किलोचं आणि जवळपास दोन चौरस मीटरचं असतं. वाऱ्यात ते सुटून खाली कोणाच्या अंगावर पडलं तर काय, ही मालकाची भीती रास्त आहे. म्हणून कठड्याची मजबुती, क्लॅम्प आणि विमा यांचं उत्तर तयार ठेवा. सर्वात महत्त्वाची ओळ मात्र घर सोडण्याची: पॅनल, इन्व्हर्टर आणि स्टँड माझे, जाताना मी ते काढून नेईन आणि जागा होती तशी करून देईन. इमारतीला कायमचं जोडलेलं ते इमारतीचं, असं अनेक कायदे मानतात. ही ओळ नसेल तर डिपॉझिटच्या हिशोबात वाद ठरलेलाच.

मीटर कोणाच्या नावावर आहे? नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याचा अर्ज बहुधा त्याच नावाने जातो. विजेपोटी मालक महिन्याला ठरावीक रक्कम घेत असेल तर तुमच्या पॅनलची बचत त्याच्या खिशात जाईल. आधी तो हिशोब बदलून घ्या.

दिवसभर ऊन कुठे पडतं, ते एखाद्या सुट्टीच्या दिवशी पाहा. कठड्याच्या गजाची सावलीसुद्धा उत्पादन बरंच खाली आणते. दिवसा घर बंदच असेल आणि नेट मीटरिंगही नसेल, तर बाल्कनीतल्या सोलरच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. आणि वीज गेल्यावर पंखा चालेल या आशेने तर घेऊच नका, कारण ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताच सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडतो. त्यासाठी बॅटरी आणि तिच्यावर चालणारा इन्व्हर्टर लागतो. घडीचं पॅनल आणि सुटी बॅटरी घेतली तर भिंतीला हातही लागत नाही.

करार संपायला किती महिने उरलेत तेही मोजा. पैसे वसूल व्हायला वर्षं लागतात, तेव्हा मुदतवाढीचं बोलणं खरेदीच्या आधी. बसवण्यापूर्वी भिंत, कठडा आणि फरशीचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.