कागदावरचा सीदिरोस, गाळ्यातला सीदेरो

ग्रीसमधल्या पेरामातल्या एका गाळ्यात मी पहिल्यांदा ग्रीक बोललो ते पाठ केलेल्या यादीच्या जोरावर. इंग्रजी शब्द डावीकडे, ग्रीक उजवीकडे. आयर्न म्हणजे सीदिरोस, स्टील म्हणजे खालिवास. मी मोठ्या ऐटीत म्हाताऱ्या लोहाराकडे खालिवासची पट्टी मागितली. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आतल्या पोराला हाक मारली, "अरे, प्रोफेसर आलेत, त्यांना अत्साली दे!" पुढची दोन वर्षं त्या गाळ्यात माझं नाव प्रोफेसरच राहिलं.

पेरामा म्हणजे पिरेयस बंदराच्या पश्चिमेला, किनाऱ्याला लागून असलेली जहाजदुरुस्तीची वस्ती. समोर सालामिना बेट, तिकडे जाणाऱ्या फेऱ्या दिवसभर चालू. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इंजिनरूममध्ये फिटर म्हणून लागलो, ग्रीक मालकाच्या जहाजांवर काही काँट्रॅक्ट केली, आणि मग तिथल्याच एका ऑफिसात सुटे भाग मागवायच्या कामावर बसलो. आपल्याकडची बरीच पोरं ग्रीक मालकांच्या जहाजांवर जातात. जहाजावर इंग्रजीवर भागतं. किनाऱ्यावर, गाळ्यांमध्ये, कोटेशन वाचताना भागत नाही. तिकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

माझी यादी चुकीची नव्हती, अर्धी होती. ग्रीकमध्ये धातूला बहुतेक वेळा दोन नावं असतात, एक कागदावरचं आणि एक तोंडातलं. लोखंड कागदावर सीदिरोस, तोंडात सीदेरो. पोलाद कागदावर खालिवास, तोंडात अत्साली. सोनं ख्रिसोस आणि ख्रिसाफी, चांदी आर्यिरोस आणि असीमी. याचं कारण त्यांच्या इतिहासात आहे. सरकार आणि शाळा यांची भाषा बराच काळ मुद्दाम प्राचीन वळणावर घडवलेली होती, १९७६ साली बोलीला अधिकृत मान मिळाला. पण तांत्रिक शब्दांनी जुना पोशाख उतरवला नाही. ड्रॉइंग, सर्टिफिकेट, नियमावली अजून खालिवासच लिहितात.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही कटकट वाटते. मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. लोह आणि लोखंड, ताम्र आणि तांबं, रजत आणि चांदी, सुवर्ण आणि सोनं हे आपण रोज वापरतो, आणि कुठे काय म्हणायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. रेल्वेचंच घ्या. ग्रीकमध्ये सिदिरोद्रोमोस, म्हणजे शब्दशः लोहमार्ग. आपल्या स्टेशनवर 'लोहमार्ग पोलीस' अशी पाटी असते, पण 'लोहमार्गाने आलो' असं कुणी म्हणत नाही. तेही म्हणत नाहीत, ते त्रेनो म्हणतात. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की वहीत इंग्रजीचा रकाना ठेवायचा तर कडेला ठेवा आणि मधे मराठी घाला. ओतीव लोखंड कागदावर हितोसीदिरोस, त्यातलं हितोस म्हणजेच ओतीव. गाळ्यात तेच मादेमी होतं, जसं आपण बीड म्हणतो. मादेमी हा शब्द तुर्कीतून आलेला, मुळात खाण या अर्थाचा अरबी. घडीव लोखंड स्फिरीलातोस, त्यातलं स्फिरी म्हणजे हातोडा. पत्रा लामारीना, गंज स्कुर्या. मराठीशी जोडले की हे शब्द डोक्यात बसतात, इंग्रजीशी जोडले की घरंगळतात.

सगळ्यात मजा आली ती कालायची. जुन्या तांब्याच्या भांड्याचा विषय निघाला आणि लोहारबुवा म्हणाले, लहानपणी गावात कालायजीस यायचा. मी म्हटलं, कोण? त्यांनी हातवारे करून दाखवलं. भट्टी, भात्याने फुंकणं, तापलेल्या भांड्यात फडकं फिरवणं, आणि आत चांदीसारखी चकाकी. अहो, हा तर कल्हईवाला! कालाय आणि कल्हई एकच शब्द, अरबीतून निघालेला, एक तुर्कीवरून तिकडे गेला आणि एक फारसीवरून आपल्याकडे आला. भांड्यात टाकायची ती पूड ते निसादीरी म्हणत. हिंदीतला नौसादर, आपला नवसागर. कथलाचं कागदावरचं नाव मात्र कासीतेरोस. त्या दिवशी काम तासभर बंद होतं आणि मला वाटतं मी तिथे खरं ग्रीक शिकायला लागलो.

आता चूक सांगतो, कारण ती माझीच होती आणि महागात पडली. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, करून हवा होता. आपण ज्याला गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या कांस्याचा, बुश म्हणतो तो. मी मागणीत लिहिलं ब्रून्झोस, एवढंच. कागदावर कांस्याला क्रातेरोमा असा भारदस्त शब्द आहे आणि पितळेला ओरीखल्कोस, म्हणजे डोंगरी तांबं. पण बाजारात ब्रून्झोस दोघांनाही चालतो. बुश आला, छान पिवळाधमक. तो रंग बघूनच मला कळायला हवं होतं. काही महिन्यांनी पंप उघडला तर त्यावर गुलाबी डाग, आणि स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर भुसभुशीत. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, मागे उरतं ते सच्छिद्र तांबं. शाळेत शिकलेलं हे सगळं मला माहीत होतं, शब्दाने दगा दिला. तेव्हापासून मागणीत धातूच्या नावाशेजारी तांबं किती टक्के, कथील किती टक्के आणि मानकाचा क्रमांक लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. नावं ही माणसांसाठी असतात, टक्केवारी धातूसाठी.

असे खड्डे आणखी आहेत. फ्लान्जा ऐकलं की आपल्याला पाइपची फ्लँज आठवते. इंजिनवाला फ्लान्जा म्हणतो तेव्हा त्याला गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती अडवणारी चकती, हवं असतं. पाक्सिमादी म्हणजे बोल्टचा नट, आणि पाक्सिमादी म्हणजे बेकरीतला टोस्टही. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं या लोकांना सारखी भूक लागते. सीदेरो म्हणजे कपड्यांची इस्त्रीसुद्धा, आणि अनेकवचनात सीदेरा म्हटलं तर तुरुंगाचे गज. आपलं गजाआड तेच त्यांचं 'स्ता सीदेरा'. इमारतीच्या कामावर सिदेरास म्हणजे सळया बांधणारा, गावात सिदेरास म्हणजे लोहार. शिसं मोलिव्दोस, पण मोलीवी म्हणजे पेन्सिल. आपली शिसपेन्सिल आठवा. दोन्हीत शिसं नाही, ग्राफाइट आहे, आणि दोन्ही भाषांना त्याचं काही वाटत नाही.

उच्चारात मराठी माणसाला एक देणगी आहे. अत्सालीतला त्सा म्हणजे आपल्या चमच्यातला च, ब्रून्झोसमधला झ म्हणजे जवळपास जाडमधला ज. दिल्लीकडच्या सहकाऱ्याला हे जमेना. पण इ आला की आपली जीभ घसरते, चमचा सोडून चिमट्याकडे जाते. जस्ताला बोलीत त्सींगोस म्हणतात, तो मी कितीतरी दिवस चींगोस म्हणत होतो. आघाताकडेही, म्हणजे शब्दात जोर कुठे देतो तिकडेही, लक्ष द्या. आपल्याकडे आघात बदलून अर्थ बदलत नाही, तिकडे बदलतो. लिंगाची मात्र भीती नको. तो, ती, ते आपल्याकडेही आहेत. फक्त ज्याचं त्याचं लिंग वेगळं. आपली चांदी ती, त्यांचं असीमी ते. आपलं तांबं ते, त्यांचा खल्कोस तो.

साधनं फुकट आहेत. त्रियान्दाफिलीदिस कोश नेटवर मिळतो. त्यात शब्द बोलीतला की पुस्तकी हे कळतं, आणि तेच तर आपल्याला हवं असतं. ग्रीस १९८१ साली युरोपीय समुदायात, म्हणजे आताच्या युरोपीय संघात, आला, त्यामुळे युरोपचे कायदे आणि नियम इंग्रजी व ग्रीक शेजारी शेजारी वाचता येतात. पोलादाच्या सळया, दाबाची भांडी, वेल्डिंग, सगळं आहे. परीक्षा द्यायची तर थेस्सालोनिकीच्या ग्रीक भाषा केंद्राची, ए-वन ते सी-टू पातळ्यांची.  पण कोश आणि परीक्षा तुम्हाला कागदावरचं नाव देतील. तोंडातलं गाळ्यातच मिळतं, त्यासाठी थोडे दिवस प्रोफेसर व्हायची तयारी ठेवा.

एका हिवाळ्यात मला सारखा थकवा यायचा. रक्त तपासलं. रिपोर्टवर लांबलचक शब्द, सिदिरोपेनिया. पेनिया म्हणजे गरिबी, हे कुठूनतरी माहीत होतं. लोहाची गरिबी. कोश न उघडता लागलेला तो माझा पहिला अवघड शब्द, रिपोर्ट वाईट असूनही मी खूश झालो. आठवडाभराने गाळ्यात गेलो तर लोहारबुवांनी लांबूनच हात वर केला, "सिदेरेन्योस!" आजारातून उठलेल्या माणसाला तिकडे असंच म्हणतात, लोखंडासारखा हो. मग जवळ येऊन म्हणाले, गोळ्या खा, पण घरी फाकेस पण कर. मसुरीची आमटी. तिच्यात सीदेरो असतं.