पीडीएफ फिरतेय, पण खप खरंच घटला का? असं तपासा

टेलिग्रामवर आपल्या पुस्तकाच्या चोरट्या पीडीएफखाली पाच हजार जणांनी पाहिल्याचा आकडा दिसला म्हणून तेवढी गिऱ्हाइकं गेली असं धरू नका. त्यातले बरेच जण कधी विकत घेणारच नव्हते. खरा हिशेब आपल्याच विक्रीवहीत असतो.

पीडीएफ पहिल्यांदा दिसली ती तारीख टिपा. तिच्या आधीचे १२ आणि नंतरचे १२ आठवडे घ्या. नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानांत पाठवलेल्या प्रतींतून परतावा वजा करा, नाहीतर गठ्ठे परत येईपर्यंत खप वाढल्यासारखा वाटतो. शेजारी त्याच विषयाचं, पण ज्याची पीडीएफ फुटलेली नाही असं एक पुस्तक मांडा. दोन्ही सारखीच घसरली, तर पीडीएफला दोष देता येत नाही.

नागपुरात महिन्याशी महिना ताडून चालत नाही. दीक्षाभूमीवरची विक्री दसऱ्याबरोबर सरकते: २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. म्हणजे गर्दीचे दिवस दहा दिवस आधी, सप्टेंबरअखेरीच्या तोंडावर आले. दसऱ्यापासून मागे-पुढे दिवस मोजा.

त्याच मैदानावर आणखी एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट आहेत, तरी लोक त्यांची पुस्तकं पिशव्या भरून नेतात. घरात जपायचं पुस्तक असं तरतं. स्पर्धा परीक्षेचं गाइड तरत नाही. तीन महिन्यांची गरज मोबाइलवर भागते आणि पुढच्या वर्षी ते जुनं होतं. गाइडवाल्यांनी मोजत बसू नये, सरळ तक्रार करावी.

तक्रारीआधी फाइल कुठून फुटली ते पाहा. पानं वाकडी आणि कडेला बोटं असतील, तर कुणीतरी स्कॅन केलंय. अक्षरं स्वच्छ असतील आणि मजकूर कॉपी केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी उमटत असेल, तर जुन्या फॉन्टमधली मूळ फाइल डीटीपी किंवा छापखान्यातून गेली. पुढच्या वेळी प्रत्येकाला द्यायच्या फाइलमध्ये वेगळ्या पानावर एक जादा टिंब ठेवा, म्हणजे कुणाकडून फुटली ते कळेल.

तक्रारीत नेमकी लिंक, मालकीचा करारनामा आणि दावा दाखल करण्याची हमी हवी. २०१३ च्या प्रताधिकार नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे, खात्री पटल्यास टेलिग्रामसारख्या मंचाने ३६ तासांत प्रत रोखायची असते. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही, तर ती पुन्हा खुली होऊ शकते. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

पुस्तक दुकानात संपलेलंच असेल, तर आधी डिजिटल छपाईवर शंभर प्रती काढा, तक्रार नंतर.