गोझोच्या वीद इल-आसरीला पोहायला जाताय? आधी वारा बघा

माल्टाला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो उघडा, कोमिनोचं ब्लू लगून त्यात असतंच, आणि ते सुंदर आहेच पण उन्हाळ्यात तिथे टॉवेल टाकायला जागा मिळत नाही. माझं ऐकाल तर सरळ गोझो बेटावर जा आणि उत्तर किनाऱ्यावरच्या वीद इल-आसरीत पोहा. चुनखडीचे दोन उभे कडे, त्यांच्या मधून समुद्र वळणं घेत दोन-तीनशे मीटर आत आलाय, आणि अगदी आतल्या टोकाला गोट्यांचा एवढासा किनारा. वरच्या रस्त्यावरून जाताना पत्तासुद्धा लागत नाही की खाली पाणी आहे.

पण ही रोज पोहण्यासारखी जागा नाही आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. कोकणातली माणसं समुद्रावर निघाली की पहिलं विचारतात भरती कधी, ओहोटी कधी, कारण आपल्याकडे उधाणाला पाणी काही मीटर चढतं-उतरतं. माल्टात हा फरक जेमतेम वीतभर असतो. त्यामुळे भरतीचं कोष्टक बघून काही उपयोग नाही, तिथे समुद्र कसा असेल हे सगळं वाऱ्यावर.

या खाचेचं तोंड उत्तरेला आहे. तिथे सगळ्यात जास्त वाहतो तो वायव्येचा वारा, त्याला ते मय्यिस्त्राल म्हणतात, आणि ईशान्येकडून येतो तो ग्रिगाल. यातला कुठलाही जोरात असला किंवा थेट उत्तरेकडून वारा असला की लाटा सरळ आत घुसतात, अरुंद जागेत दोन्ही कड्यांवर आपटून परत फिरतात, पाणी सगळीकडून ढवळतं आणि बाहेर पडायला जी सोयीची जागा आहे, तो गोट्यांचा पट्टा, नेमकी तिथेच लाट फुटते. अशा दिवशी चांगल्या पोहणाऱ्यानेही उतरू नये. वारा दक्षिणेकडचा असेल, म्हणजे त्यांचा श्लॉक वगैरे, किंवा अगदीच पडलेला असेल तर आतलं पाणी एकदम शांत असतं. आदल्या रात्री विंडीसारख्या ॲपवर वाऱ्याची आणि लाटांची दिशा बघा, नुसतं ऊन आहे की ढग एवढं बघून निघू नका, कारण लख्ख उन्हातही उत्तरेचा वारा असू शकतो. आणि वारा थांबला तरी लाटा लगेच बसत नाहीत, म्हणून तिथे पोचल्यावर वरच्या कठड्यावरून दहा मिनिटं खाली बघत उभं राहा. मोठ्या लाटा मध्येच तीन-चार एकामागून एक येतात, त्या दोन मिनिटांत दिसत नाहीत.

वारा उलटा निघाला तर दिवस फुकट घालवायची गरज नाही. बेटाच्या दक्षिणेला इमजार इश-शिनी म्हणून अशीच दुसरी खाच आहे, तोंडाशी नाइट्सच्या, म्हणजे पूर्वी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या काळातला 1661 चा टेहळणी बुरूज आहे, तिथे उत्तरेचा वारा पोचत नाही. बेट लहान आहे, गाडीने सहज जाता येतं.

पोचायचं कसं तर, विमानतळावरून एक्स-वन बस चिरकेव्वाच्या धक्क्याला जाते, तिथून गोझोची फेरी, साधारण पंचवीस मिनिटं. राजधानी व्हॅलेटात राहणार असाल तर तिथून थेट फास्ट फेरी पण आहे, पाऊण तास लागतो. गोझोच्या धक्क्यावरून बसने व्हिक्टोरिया, म्हणजे गोझोचं मुख्य गाव, व्हिक्टोरियाहून 310 नंबरची बस किनाऱ्यावरच्या मार्सालफॉर्नला, आणि तिथून पुढे किनाऱ्याने पश्चिमेकडे चालत. तासभर धरा, रस्त्याला सावली नाही पण ही चाल चुकवू नका, कारण वाटेत श्वेयनीची मिठागरं लागतात. नरम खडकात कोरलेले शेकडो चौकोनी हौद, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांतली माणसं अजून उन्हाळ्यात तिथे मीठ काढतात. रस्त्यावरून बघा, विकत घ्या, पण हौदांच्या बांधावर पाय देऊ नका, ते त्यांचं अन्न आहे. स्वतःची गाडी घेतलीत तरी चालेल, माल्टात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. शेवटचा भाग मात्र कच्चा आणि खडबडीत आहे.

खाली उतरायला खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, शंभरच्या आसपास, झिजलेल्या आणि उंचीला कमी-जास्त. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना खाली न्यायचा आग्रह धरू नका, वरून दिसतं तेही सुंदर आहे.

खाली काहीच नाही. दुकान नाही, टॉयलेट नाही, लाइफगार्ड नाही. माणशी दोन लिटर पाणी न्या आणि खायला व्हिक्टोरियातून फ्तीरा बांधून घ्या, म्हणजे त्यांचा तो चपटा पाव, आत टोमॅटो, केपर्स, ऑलिव्ह आणि बहुतेक वेळा ट्यूना घातलेला. शाकाहारी असाल तर ट्यूना काढून गोझोचं चीज घालायला सांगा, इंग्रजी सगळ्यांना येतं. कचरा पिशवीत भरून वर आणायचा.

पायात रबरी सोलचे पाण्यातले बूट हवेतच. गोटे निसरडे असतात आणि खडकांना काटेरी समुद्री साळिंदरं चिकटलेली असतात, त्याचा काटा पायात मोडला तर सहजी निघत नाही. कॉटनचा कुर्ता-लेगिंग घालून पाण्यात जाऊ नका बायांनो, भिजून जड होतं आणि हातपाय मारता येत नाहीत, अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा स्विमसूट मिळतो तो घ्या.

पाणी इतकं स्वच्छ असतं की तळ हाताशी वाटतो आणि प्रत्यक्षात डोक्याच्या वर निघतं. पोहता येत नसेल त्यांनी गोट्यांच्या जवळच कंबरेइतक्या पाण्यात राहायचं, मुलांच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस. कड्यावरून उड्या अजिबात नाहीत. कड्याला टेकून बसायचंही नाही, ही चुनखडी झिजते आणि पडते, याच बेटावरची अझुर विंडो नावाची प्रचंड कमान 8 मार्च 2017 च्या वादळात समुद्रात कोसळली. तोंडापर्यंत पोहत जाणार असाल तर भडक रंगाचा तरंगता फुगा कंबरेला बांधा, बाहेर होड्या असतात, त्यांना तुम्ही दिसायला हवं. जांभळट छोटे जेलीफिश दिसले तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका, डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि चोळू नका. श्वास लागला किंवा अंग सुजलं तर 112.

जायचा महिना म्हणाल तर सप्टेंबर. पाणी 25 अंशांच्या आसपास असतं, गर्दी उतरलेली असते. एप्रिलमध्ये हवा छान असते पण पाणी आपल्याला चांगलंच थंड लागतं. शरदात मोठा पाऊस पडून गेला असेल तर एक-दोन दिवस थांबा, वरच्या ओहोळाचं गढूळ पाणी या खाचेतच उतरतं.

ऊन डोक्यावर यायच्या आत निघा, मधल्या वेळात कड्यांची सावली राहत नाही. आणि चिरकेव्वाच्या फेरीचं तिकीट गोझोला जाताना कुणी मागत नाही म्हणून गोंधळू नका, ते परत निघताना काढायचं असतं.