नागपूरहून लांबचा विमानप्रवास: वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

मावशी पहिल्यांदाच न्यू जर्सीला लेकीकडे निघाली होती. मुंबईहून पुढचं तिकीट जावयानं पाठवलं: 15 तारीख, वेळ 00:40. नागपूर-मुंबईचं आम्ही काढलं, 15 च्या संध्याकाळचं. 13 तारखेला बॅगा भरताना दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली आणि पोटात गोळाच आला. 15 चे 00:40 म्हणजे 14 ची मध्यरात्र! धावपळ करून नवं तिकीट काढावं लागलं. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर घरून आदल्या दिवशी निघायचं, हे कॅलेंडरवर लाल पेननं लिहूनच ठेवा.

दुसरी चूक अंतराची. नागपूर ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,600 किलोमीटर. हेच कुठे 7,830 मैल दिसेल, तर कुठे 6,800 सागरी मैल. एकक न बघता आकडे ताडून पाहू नका. शिवाय हा आकडा गोल पृथ्वीवरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा. ती वाट नकाशावरच्या सरळ रेषेसारखी पश्चिमेला जात नाही, उत्तरेला वळून आर्क्टिक वृत्तापलीकडून जाते. प्रत्यक्षात नागपूरहून थेट विमान नाही, मुंबई, दिल्ली किंवा दोहा गाठावंच लागतं. हवाई हद्द बंद असली की वळसाही पडतो. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या कितीतरी फेऱ्या लांबल्या. म्हणून किलोमीटरला वेगानं भागून वेळ काढू नका, तिकिटावरचा एकूण कालावधी बघा.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. समजा, नागपूरहून पहाटे 4 ला निघून दोह्यात 6 ला पोचलात, तर प्रवास दोन तासांचा नाही, साडेचार तासांचा झाला. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ.

सगळ्यात महागात पडते ती विमान बदलण्याची घाई. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर ती कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. टर्मिनल 1 आणि 2 लांब आहेत, मधला प्रवास रस्त्यानं. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, तेव्हा उतरायचं कुठे आणि चढायचं कुठून ते नीट वाचा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणार असाल तर धुक्याचा हिशेब धरा. वडीलधारी माणसं एकटी जात असतील तर मी मधे सहा तासांपेक्षा कमी वेळ ठेवतच नाही, आणि शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढते.

परतीच्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक +1 असतो, म्हणजे विमान निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचणार. उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून 15 च्या रात्री 9 ला सुटलेलं विमान 14 तासांत आलं, तरी मुंबईत 16 ची रात्र, साडेआठ वाजलेले. मावशीला आणायला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर 16 ला जायचं की 17 ला, ते त्या एवढ्याशा आकड्यावर ठरतं.