अंधार पडताच पेटणारा दिवा: एलडीआरचे सर्किट असे जोडा

एलडीआर म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा रेझिस्टर. त्याच्यावर दिसणारी नागमोडी पट्टी बहुधा कॅडमियम सल्फाइडची असते. तिच्यावर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. पाय कोणताही कुठेही जोडा, त्याला उलटसुलट नाही.

जोडणीआधी मल्टिमीटर घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग दिवा का पेटत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. मीटर ओहमवर लावून एलडीआर उजेडात धरा. काही किलोओहम दिसतील. आता काळ्या टोपणाने झाका. आकडा एकदम उडी मारत नाही, काही सेकंद सावकाश चढत राहतो आणि लाखो ओहमच्या घरात जातो. दोन्ही पाय चिमटीत धरू नका, नाहीतर शरीराचा रोधही मोजला जाईल. दिवा ज्या उजेडात पेटायला हवा, तिथला आकडा टिपून ठेवा.

आता ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून जोडायची छिद्रांची पाटी. पुरवठा ५ व्होल्टचा. प्लसपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे १०० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), त्यापुढे एलडीआर आणि एलडीआरचा दुसरा पाय मायनसला. प्रीसेट आणि एलडीआर जिथे भेटतात, तिथून वायर बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. एमिटर मायनसला. प्लसपासून ३३० ओहममधून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय कलेक्टरला.

उजेडात बेसवर ०.६ व्होल्टपेक्षा कमी दाब राहतो, ट्रान्झिस्टर बंद. अंधार झाला की एलडीआरचा रोध वाढतो, दाबही वाढतो आणि एलईडी पेटतो. प्लस ते बेस एकूण रोध ४७ किलोओहम धरला, तर एलडीआर साधारण साडेसहा किलोओहमवर पोहोचताच एलईडी पेटू लागेल. प्रीसेटचा रोध वाढवाल तसा दिवा आणखी काळोखात पेटेल. मघाशी टिपलेला आकडा इथे कामी येतो.

एलईडी अर्धवट पेटून मिणमिणत असेल, तर त्याचाच उजेड एलडीआरवर पडतोय का बघा. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला तरी भागतं.

रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवायचा असेल, तर हे सर्किट तोकडं पडेल. बेसला मिळणारा प्रवाह फार थोडा आहे. तिथे एलएम३९३सारखा कम्पॅरेटर (दोन दाबांची तुलना करणारी चिप) वापरा, त्यापुढे ट्रान्झिस्टर, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नका. कम्पॅरेटरच्या आउटपुटपासून त्याच्या प्लस इनपुटला मोठा रेझिस्टर जोडून थोडा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत थोडं अंतर) द्या, नाहीतर संधिप्रकाशात रिले टकटकत राहील. घरातल्या विजेची जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.