घरच्या फोटोंची भिंत करायचीय? मग आधी आज्जीजवळ बसा

आमच्या बेळगाव भागातल्या जुन्या कौलारू घरांत फोटो लावायची पद्धत ठरलेलीच असायची, सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दाराच्या चौकटीच्या वर एका ओळीत आणि पुढं जरा झुकवून, म्हणजे खाली जमखान्यावर बसलेल्या माणसालापण तोंडं नीट दिसायची. आता घरं स्लॅबची झाली, त्या फ्रेमा माळ्यावर गेल्या आणि लग्नाचे अल्बम कपाटात साड्यांच्या खाली. ते सगळं काढून हॉलमध्ये एक भिंत फोटोंची करायची असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, आणि मग ते सरळ फ्रेमा आणायला बाजारात जातात. तिथंच चुकतं. खिळे-फ्रेमा हे दोन दिवसांचं काम आहे हो, मोठं काम त्याच्या आधीचं.

पेटीतले सगळे फोटो सतरंजीवर पसरा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मध्ये बसवा. आम्ही आज्जीला बसवलं. मी एक ग्रुप फोटो उचलून विचारलं, "आज्जी, हे फेटेवाले कोण गं?" तर म्हणाली, "ते न्हवं, चंदगडचे माझे मामा. गाडी चुकली म्हणून हळदीला पोचलेच नाहीत, खरं फोटोला बरोबर आले बघ." त्या फोटोत पंचवीस माणसं, आणि त्यातल्या अकरा जणांची नावं घरात फक्त तिलाच माहीत होती. अकरा! त्यामुळं मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवूनच बसा, मध्ये मध्ये तोडू नका, एका बैठकीत संपवायची घाई पण नको, तासाभरात म्हातारी माणसं दमतात आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांना अजून दोन नावं आठवतात.

नावं त्याच दिवशी फोटोच्या पाठीमागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहायची. बॉलपेन नको, दाबाची रेघ पुढं उमटते. नंतरच्या रंगीत फोटोंचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल चालत नाही, तिथं चिठ्ठी लिहून फोटोसोबत कागदी पाकिटात ठेवा. आमच्या वहिनी गोकाकच्या, त्यांच्या माहेरच्या फोटोंची नावं त्यांनी कन्नडमध्ये लिहिली आणि खाली मी मराठीत, पुढं मुलांना दोन्हीकडची माणसं कळायला पाहिजेत ना.

भिंतीसाठी बारा ते पंधरा फोटो पुष्कळ झाले. नुसते स्टेजवरचे लग्नाचे नकोत. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथावर मावळा होऊन उभा राहिलेला काका, मराठा सेंटरमध्ये (बेळगावातलं मराठा पलटणीचं लष्करी केंद्र) युनिफॉर्म घातलेले आजोबा, गोकाकच्या धबधब्यापुढं वाऱ्यानं पदर उडालेली आत्या, असले घ्या, यांच्यापुढं पाव्हणे थांबून विचारतात.

आता एक गोष्ट माझी पक्की आहे, मूळ फोटो भिंतीवर लावायचाच नाही, कॉपी लावायची. उजेडानं फोटो उडतात, रंगीत तर लवकर, आमचे १९८०-९०च्या सुमाराचे सगळे तांबूस पडलेत. स्कॅन करताना साधा हिशोब, २ बाय ३ इंचाचा छोटा फोटो ८ बाय १२ करायचा तर चौपट मोठा होणार, चांगल्या छपाईला ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) लागतात, म्हणून त्याच्या चौपट म्हणजे १२०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. तेवढ्याच साईजची कॉपी पाहिजे असेल तर ३०० पुरे. आणि जुन्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेलाच राहतो आणि माणसाचं तोंड जातं. तसाच काचेसकट खिडकीजवळ आडव्या उजेडात ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाईल अगदी समांतर धरून फोटो काढायचा, काचेत मोबाईल दिसत असेल तर काळं कापड आडवं धरायचं.

फ्रेमवाल्याकडं पण कॉपीच द्या. आम्ही एका दुकानात मूळ फोटो दिला होता, त्यांनी फ्रेमच्या मापात बसावा म्हणून कडा कापली आणि कडेला उभी असलेली मावशी अर्धी गेली, अजून वाईट वाटतं. काच आणि फोटोच्या मध्ये माऊंट (मधून कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, म्हणजे ओलीत फोटो काचेला चिकटत नाही.

ओल हा आपल्याकडचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस कसा असतो ते सांगायला नको, खानापूरकडं तर अजून जास्त, आणि तो येतो पश्चिमेकडून, म्हणून पश्चिमेची बाहेरची भिंत सोडून आतली भिंत निवडा. आम्ही पहिल्यांदा बाहेरच्याच भिंतीवर लावले होते आणि गणपतीपर्यंत तीन फ्रेमांत बुरशी. शंका असली तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर एक दिवस ठेवा, आतून पाण्याचे थेंब दिसले की ती भिंत नको. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे बटण चिकटवा, मागून हवा खेळते.

गेलेल्या माणसांचे फोटो कुठं, यावरून घरात बोलणं होतंच. काहींकडं हार घातलेले फोटो दक्षिणेच्या भिंतीवर वेगळे असतात आणि जिवंत माणसांमध्ये लावलेले चालत नाहीत. मला वाटतं हाराचा फोटो त्याच्या जागेवर राहू दे, आणि ह्या भिंतीवर त्याच माणसाचा हसता-बोलता, कामातला फोटो लावा, पण आधी घरातल्या मोठ्यांना विचारूनच. आमच्या आईनं दोन दिवस विचार करून हो म्हटलं.

मग मांडणी. तरुण भारतचे जुने पेपर फ्रेमांच्या मापात कापा, प्रत्येकावर नाव लिहा आणि मास्किंग टेपनं भिंतीवर चिकटवून दोन-तीन दिवस येता-जाता बघा (चुन्याच्या भिंतीवर टेप जपून, पोपडा निघतो). मोठा फोटो मधोमध न घेता जरा बाजूला घेतला तर बाकीचे बसवायला सोपं जातं. सगळ्या फोटोंचा मिळून जो मध्य, तो जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा, दोन फ्रेमांत तीन बोटं अंतर, सोफ्याच्या पाठीपासून सगळ्यात खालची फ्रेम एक वीत वर. घरात सगळे खालीच बसत असतील तर सगळंच थोडं खाली घ्या, जुन्या लोकांनी झुकवून लावायचं तेच कारण.

फ्रेमच्या मागची तार वर ओढून, तिथपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं माप पेपरवर खूण करा आणि पेपर भिंतीवर असतानाच त्या खुणेवर ड्रिल मारा, मग पेपर फाडून काढा. सिमेंटच्या भिंतीला ६ एमएमचा बिट, तेवढीच प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली अजिबात ड्रिल नको, तिथून वायरचा पाईप जातो. मातीच्या भिंतीत खिळा हळूहळू ढिला होतो, म्हणून दोन लाकडी खांबांच्या मध्ये एक आडवी पट्टी मारून तिला हुक लावून फ्रेमा लोंबत्या सोडा.

दसऱ्याच्या साफसफाईला फ्रेमा खाली उतरवून मागं कसर-वाळवी बघा, काचेवर थेट पाणी मारू नका, ते कडेतून आत जातं, फडक्यावर घेऊन पुसा. आणि उजवीकडं दोन फोटोंची जागा रिकामी सोडा, आमच्याकडं त्यातली एक ह्या मे महिन्यात पुतणीच्या बारशाच्या फोटोनं भरली, मागं सगळ्यांची नावं लिहून.